रुळवायला घेतलेली सायकल

मी दुसरीच्या वर्गातून उठलो तो सरळ घोड्यावर बसलो. सारंगखेड्याला आमचं घर घोड्यांचं. बाप शिंगरं घ्यायचा, रुळवायचा आणि यात्रेत विकायला उभी करायचा. त्या साली त्याच्याकडे एक काळी घोडी होती. चालीला अशी, की पाठीवर भरला तांब्या ठेवा, सांडायचा नाही. पण माझ्याशिवाय कुणाला पाठीवर बसू देत नव्हती. यात्रेत तिला मीच फिरवायचं, हे घरात ठरलेलं. आणि नेमकी त्याच साली माझ्या डोक्यात सायकल शिरली.

मागल्या यात्रेत एक खेळवाला आला होता. सायकलीवर बसून दगडांच्या राशीवर चढायचा, आडव्या ओंडक्यावरून उतरायचा आणि पाय न टेकता जागच्या जागी उभा राहायचा. मला साधी सडकेवरची सायकल धड येत नव्हती. पण मनात आलं, हा करतो तर मी का नाही? खेळ झाल्यावर त्याला गाठून विचारलं, सायकल विकत घ्यावी की जुळवावी?

त्याला समोरचे दात नव्हते. म्हणाला, "विकतची उंच असते. पडताना जमीन लांब लागते. जुळवलेली जवळ पाडते, पण कधी पाडेल ते सांगत नाही."

नंदुरबारच्या सायकलवाल्या शेठकडे गेलो. नवी सायकल, चकचकीत, घंटीसकट. मी म्हटलं, तापीकाठच्या दगडांवर चालवायची आहे. शेठने घंटीवरचा हात काढून घेतला. "भाऊ, ही सडकेची चीज आहे. दगडांवर जायचं तर बकरी घे ना!" दुकानातले सगळे हसले. मी तिथून उठलो तेव्हाच ठरलं. विकतची नाही.

शिवाय बापाचंच शिकवणं होतं. "तयार घोडं लिधं ते दुसरानी खोड बी घरमा येस. शिंगरू लेवानं, आपला हातखाले मोठं करानं." तयार जनावर घेऊ नये, लहान घेऊन आपण घडवावं, हे तो घोड्याचं सांगायचा. मला ते सायकलीलाही लागू वाटलं. बापाला मात्र सायकल नकोच होती. म्हणाला, "यात्रा व्हई जाऊ दे. तठलगून तुन्हा पाय मन्हा शेतस."

यात्रेपर्यंत माझे पाय त्याच्या मालकीचे. पण मी ऐकणाऱ्यातला नाही. तेव्हा नव्हतो, आजही नाही.

गावातल्या मिस्त्रीने एका मोडक्या सायकलीचा सांगाडा कापून बुटका केला. चाकं दुसरीची. पुढचं चाक धरणारा चिमटा तिसरीचा, मानेजवळ झाळून जोडलेला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, या झाळना भरोसा नही. दगडवर नको नेऊ."

"नवं जनावर बी पहिले कुरकुरच करस," मी म्हटलं.

"हाई जनावर नही ना भो."

रोज पहाटे घोडी फिरवून झाली की मी नदीकाठी जायचो. दगडावरून उतरलो की मानेत कर्र वाजायचं. पुढे नुसतं वळलो तरी वाजू लागलं. मग मी टेकवून उभी केली तरी. मला काही वाटलं नाही. शिंगरूही रोज जास्त झटके देतं, आणि एक दिवस मुकाट्याने मान खाली घालतं. मी त्या दिवसाची वाट बघत होतो. घोडी तेवढी माझ्या हाताला तेलाचा वास आला की कान मागे पाडायची. बाप ते बघायचा.

मग एके पहाटे कर्र वाजलंच नाही. घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, "रुळनी."

दुसऱ्या दिवशी सगळ्यात उंच दगडावरून उतरलो. चाक खाली टेकलं आणि हँडल तसंच माझ्या हातात राहिलं. खाली काहीच नव्हतं.

बाप आला. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. खाली बसून गुडघ्यापासून घोट्यापर्यंत बोटं दाबत गेला, जशी बाजारात जनावराच्या पायाच्या नळीवरून फिरवायचा. उठला आणि माझ्या चुलत्याला म्हणाला, "गाडी जुप. याले घर टाक."

पायाचं हाड बसवलं, फळ्या बांधल्या. यात्रेच्या दिवशी मी ओट्यावर खाटेला खिळलेला. बापाने स्वतः घोडीवर खोगीर चढवलं. मी ओरडलो, "बा, ती तुले बसू देवाव नही!" तो बसला. घोडी दोन पावलं आडवी गेली, मग सरळ चालली. बापाने मागे वळून बघितलं नाही. मला यात्रेतले ढोल ऐकू येत होते. मग ते एकदम थांबले. मला तिथेच कळलं.

त्याला चार माणसांनी उचलून आणलं. घोडीने पाडलं होतं, कंबर गेली होती. लोक अजून म्हणतात, शेठची सायकल घेतली असतीस तर?

तो हिवाळा आमच्या ओट्यावर दोन खाटा होत्या. घोडीला फिरवणारं कुणी उरलं नव्हतं. ती दिवसभर दावणीला पाय आपटायची आणि आम्ही दोघं ऐकत पडून राहायचो.