न चुरगळणारं रेशीम

डिचोलीच्या बाजारात कापडाच्या दुकानात माझी हयात गेली. नुसत्या सळसळीवरून मी सांगतो, या कापडाचा बाप कापसाचं बोंड, आई मेंढी, की दोघांच्या जागी कुठला तरी कारखाना. खोटं वाटत असेल तर डोळे बांधून मला दुकानात सोडा. माझ्या अंगात एवढी विद्या असून थोरल्या काकांनी सोवळं घेतलं ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, आणि मला दाखवलं ते देवाच्या पायांवर घालून आणल्यावर.

आमच्या देवळातल्या वार्षिक होमाला यजमान म्हणून बसायचा मान थोरल्या काकांच्या घराकडे. अट एकच, अंगावर रेशीम हवं. सुती धोतर त्याच दिवशी धुऊन, कुणाचा हात न लागता वाळलं पाहिजे, आणि आमच्याकडच्या हवेत सुती कापड वाळायला घातलं तर त्याला शेवाळ धरतं पण ते वाळत नाही. रेशमाला विटाळ नाही, म्हणून रेशीम. यजमान बिनरेशमाचा बसला तर मान धाकट्या घराकडे जायचा. धाकट्या घरात माझे धाकटे काका होते. खाणीवर ट्रक चालवून चालवून त्यांचा स्वभावही तांबड्या धुळीचा झालेला, आणि या मानावर त्यांचा डोळा इतका जुना की त्या डोळ्यालाच मोतीबिंदू यायची वेळ झाली होती.

थोरल्या काकांचं जुनं सोवळं कसरीनं खाल्लं. रेशीम म्हणजे शेवटी किड्याची लाळ, दुसऱ्या किड्याला ती गोड लागते. नवं त्यांनी माझ्या काउंटरवर पसरलं.

"बघ रे. मुठीत दाबलं तरी चुरगळत नाही. धुतलं की पिळेपर्यंत वाळतं. असलं रेशीम तुझ्या दुकानात जन्मात आलं नाही."

रेशीम चुरगळतं, काका. रेशीम पाणी पितं आणि सावकाश सोडतं. हे मी मनात म्हटलं. तोंडानं एवढंच म्हणालो, "कडेचा एक धागा द्या, जाळून बघू. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरडली तर रेशीम. कागदाचा वास आला तर कापूस. आणि वितळून काळा मणी झाला, तर बसू नका होमाला."

"देवाला लावलेलं वस्त्र जाळतोस? मेल्या, तुझी जीभ झडेल."

झालं. देवाच्या पायांना लागून आलेल्या कापडाची परीक्षा घ्यायची कुणी? त्या पायांनी पॉलिएस्टरला अभय दिलं होतं.

होमाच्या दिवशी काका पाटावर बसले. मांडी घातल्यामुळे कापड उजव्या गुडघ्यावर ढोलासारखं ताणलेलं. कुंड त्या गुडघ्याला लागूनच. मंत्र म्हणायला भटमाम, मागच्या रांगेत धाकटे काका, त्यांच्या शेजारी मी. सुकं लाकूड तडतडलं आणि एक ठिणगी उडाली. मी ती नारळाएवढी होती असं सांगत फिरतो, खरं तर हरभऱ्याएवढी असेल. बसली बरोबर गुडघ्यावर.

रेशीम असतं तर ठिणगी तिथेच मेली असती, रेशमाला पेटायची हौस नसते. सुती असतं तर पेटलं असतं, पण हातानं झटकता आलं असतं. हे दोन्ही नव्हतं. कापड आधी आकसलं, मग वितळलं, आणि तापलेल्या गुळाच्या पाकासारखं गुडघाभर पसरून कातडीला चिकटलं. काकांच्या मानेच्या शिरा सुंभासारख्या फुगल्या. तोंडातून आवाज नाही. हलले तर विधी मोडतो, ओरडले तर लोक गुडघा बघतात.

वास मात्र बसून राहत नाही.

"दादा, कसला रे वास?" धाकटे काका मागून गोड आवाजात.

"कापराचा."

"हल्ली कापूर प्लास्टिकच्या बादलीचा करतात काय?"

बायकांच्या बाजूला कुणी तरी पदर तोंडात कोंबला. भटमामांनी आहुती आवरती घ्यायला हात उचलला, तर धाकटे काका म्हणाले, "भटमाम, यंदा सहस्रनामाच्या आहुत्या होऊ द्या की. दादाची हौस आहे."

सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी मान हलवली. हो म्हणून. मग हजार नावांनी, प्रत्येक नावाला तूप, आणि प्रत्येक तुपाला ज्वाळा त्या गुडघ्याच्या दिशेनं जिभल्या चाटत. देवाला इतकी नावं कुणी ठेवली, याचा राग मला त्या दिवशी आला. हसूही आलं, ते लपवायला मी टाळ जोरात वाजवला.

उठताना काकांनी उपरणं गुडघ्यावर ओढून घेतलं. कुणी काही सिद्ध करू शकलं नाही. मान वाचला.

घरी काकी म्हणाली, "दवाखान्यात चला, कापड मांसात रुतलंय."

"गप बस गो. डॉक्टर ते चिमट्यानं काढणार, बघणार, आणि संध्याकाळपर्यंत डिचोलीभर. कोरफड आण."

कोरफड लावली. हळद लावली. गुडघा पिकला, सडला, शेवटी कसाबसा भरला, पण वरची कातडी चामड्याच्या पट्ट्यासारखी आवळून बसली. पाय सरळ राहतो, दुमडत नाही. घरी आलेल्या प्रत्येकाला काका सांगायचे, "रेशीम अस्सल होतं, म्हणून एवढ्यावर निभावलं."

पुढच्या होमाआधी त्यांनी भटमामांना विचारलं, "खुर्चीवर बसून चालेल?"

"यजमानाला मांडी घालावी लागते. शास्त्र आहे."

मान द्यायचा तर जुन्या यजमानानं भर सभामंडपात नव्याच्या ओंजळीत नारळ ठेवायचा असतो. धाकटे काका आधीच पाटावर जाऊन बसले होते, नवं कोरं रेशीम नेसून, ऐटीत मांडी घालून. ते माझ्याच दुकानातलं, मी स्वतः धागा जाळून दिलेलं. थोरले काका दारापासून निघाले, नारळ छातीशी धरून, सरळ पाय फरशीवर घासत. खांबाशी एकदा थांबले. सगळा गाव बसून बघत होता.

पाटाजवळ पोचले तर ताठ पायानं खाली वाकता येईना.

"ये दादा, ये," धाकटे काका म्हणाले, आणि ओंजळ मांडीवरच ठेवली, एक बोटभर वर उचलली नाही. "सावकाश वाक. मला घाई नाही."