येळवणी आणि ठिणगी

आपण जन्मभर शेणाची नोकरी केली, असं काकासाहेब स्वतःच सांगत. लग्नकार्यात कुणी विचारलं की आपण कुठल्या खात्यात होता, तर ते एवढंच बोलत आणि समोरच्याचा चेहरा बघत बसत. कागदोपत्री ते गोबर गॅसचे सुपरवायझर होते. फुलंब्रीपासून बिडकीनपर्यंत मोटारसायकलवर हिंडायचं, गोठ्यामागं खड्डा आखून द्यायचा, गवंड्याकडून विटांचा घुमट चढवून घ्यायचा आणि खड्डा भरून गॅस धरला की पुन्हा येऊन शेगडी पेटवून दाखवायची. निळी ज्योत उठली की बाया पदर नाकाला लावत. गोवऱ्यांच्या जाळावर ज्यांच्या सात पिढ्या जेवल्या, त्यांना या जाळाची मात्र किळस येई.

शेगडी पेटली की गर्दीतून मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "सायेब, माणसाचा पेटतो का?"

सगळे हसायचे. हसू ओसरेपर्यंत काकासाहेब थांबायचे. मग म्हणायचे, "नाय. माणसात तेवढा दम असता तर सरकारनं तुम्हालाच नळी लावली असती."

पुन्हा हशा. खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणात त्यांनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा शिकवणाऱ्या साहेबांनी चहाची सुट्टी जाहीर केली होती. पण एकच उत्तर इतक्या गावांत दिल्यावर त्यांचाही त्यावर विश्वास बसला. न कळलेली गोष्ट वारंवार बोलली की तिला अनुभवाचं वजन येतं, आणि काकासाहेबांचा बहुतेक अनुभव असाच जमा झालेला होता.

निवृत्त होऊन गारखेड्यात घर बांधलं, आणि दोन वर्षांत परसाकडं जाताना रक्त पडू लागलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांचे वडील असेच गेले होते. आधी रक्त, मग वाळत जाणं, मग एका सकाळी खाटेवर नुसतं धोतर पडल्यासारखं शरीर. त्या दुखण्याला घरात कुणी नावही दिलं नव्हतं. शेवटी धुण्यात डाग पाहून बायकोनं, द्वारकाबाईंनी, त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मूळच्या बिडकीनच्या. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की मोठ्या आतड्यात बोराएवढी गाठ आहे. आज साधी दिसते, पण राहू दिली तर उद्या साधी राहीलच असं नाही. तापलेल्या तारेच्या फासानं ती आतल्या आत कापता येईल. त्यासाठी आतडं स्वच्छ हवं. आदल्या दिवशी अन्न बंद. पाणी, नारळपाणी, ज्याच्यातून पेल्याचा तळ दिसेल असंच पातळ काहीतरी घ्यायचं, आणि संध्याकाळी औषधाचं खारट पाणी प्यायचं. सकाळी मात्र साध्या पाण्याशिवाय काही नाही.

तो आदला दिवस नेमका वडिलांच्या तिथीचा निघाला. पितरपाट, म्हणजे पितृपंधरवडा, चालू होता. फुलंब्रीहून धाकटा भाऊ बन्सी सकाळीच आला. घरात पुरण शिजलं, वडे झाले, गच्चीवर घास ठेवला गेला. ताटं वाढली तेव्हा काकासाहेब बाजूला खुर्चीवर बसून होते. बन्सीला ते खटकलं. थोरल्यानं घास टाकायचा आणि स्वतः तोंडात काही घालायचं नाही, म्हणजे बाप उंबऱ्यातून उपाशी परत जाणार, असं त्याचं म्हणणं. काकासाहेबांनी आतड्याची बाजू मांडून पाहिली. बापाची बाजू जड निघाली.

तेव्हा त्यांच्यातला सुपरवायझर जागा झाला. येळवणी, म्हणजे पुरणाची डाळ शिजवून वरचं काढलेलं पाणी, आमटीसाठी भांड्यात वेगळं ठेवलेलं होतं. त्यांनी ते द्वारकाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून दोनदा गाळलं, काचेच्या पेल्यात ओतलं आणि पेला उजेडात धरला. पिवळसर, पण आरपार. तळ दिसत होता. त्यात मीठ आणि जिरं टाकून ते प्यायले. बाप जेवला, डॉक्टरचा शब्द राहिला, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या अकलेनं जमल्या म्हणून ते दुपारभर खुशीत होते.

तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. संध्याकाळच्या खारट पाण्यानं पोट रिकामं झालं, इतकं की पहाटे उठल्यावर आपण आहोत की नाही अशी त्यांना शंका आली. द्वारकाबाई अंघोळीला गेल्या होत्या. गाळलेली येळवणी भांड्यात उरली होती, आणि शिळी येळवणी ताजीपेक्षा चवदार लागते हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांनी मोठा गिलास भरला, पुन्हा तळ तपासला आणि गटागटा प्यायले.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, सकाळपासून काय घेतलं. काकासाहेब म्हणाले, फक्त पाणी. हे बोलताना ते छताकडे बघत होते.

टेबलावर त्यांना कुशीवर झोपवलं. समोरच्या पडद्यावर त्यांचं आतडं दिसू लागलं. ओला, गुलाबी, वळत जाणारा बोगदा. इतकी वर्षं मी मी म्हणत होतो तो आत असा होता, असं त्यांच्या मनात आलं. बांधलेल्या शेकडो घुमटांच्या आत उतरून त्यांनी प्लास्टर तपासलं होतं. हा एक तेवढा बघायचा राहिला होता.

"काका, तुम्ही गॅसवाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला लगेच कळेल. आतडं एवढं का धुवायला लावतो? आत गॅस तयार होतो. दिसावं म्हणून आम्ही हवा भरतो. आणि ही तार तापली की ठिणगी."

काकासाहेबांनी पडद्यावरची नजर काढली. "माणसाचा पेटतो?"

"पेटतो की. न पचलेलं खाली गेलं की त्यातले जंतू हायड्रोजन करतात, तो सगळ्यांच्यात थोडाफार असतोच. मिथेन काही जणांतच. घाण वास येतो तो गंधकाचा, चिमूटभर. पेटणाऱ्याला वास नसतो. स्फोट क्वचितच होतो, पण झाला तर आतडं फाटतं."

म्हणजे गर्दीत मागून विचारणारी ती सगळी माणसं बरोबर होती. पण आता त्याहून वाईट काही त्यांना आठवत होतं. थंडीत गॅस कमी पडला की ते स्वतःच बायांना सांगत, डाळीचं निथळलेलं पाणी फेकू नका, खड्ड्यात सोडा, बघा कसा जोरात येतो. आणि तो यायचा. फडक्यानं सालपटं अडली होती, पाण्यात विरघळलेलं तसंच खाली गेलं होतं. पेल्याचा तळ त्यांनी दोनदा बघितला होता. त्या पाण्यात न दिसणारं काय आहे, हे सांगायचा तर त्यांना पगार मिळत होता.

पडद्यावर गाठ आली. तारेचा फास तिच्याभोवती हळूच बसला. डॉक्टरीणबाईंनी पाय तारेत वीज सोडणाऱ्या पायडलकडे नेला. सांगावं तर नर्ससमोर खोटं उघडं पडणार, शिवाय गॅसवाला म्हणून आताच मिळालेला मान जाणार. न सांगावं तर कदाचित काहीच होणार नाही. आणि कदाचित, एवढं आयुष्य घुमट बांधण्यात घालवलेला माणूस स्वतःच एक फुटका घुमट होऊन घरी जाईल. लाज आणि मरण शेजारी ठेवली तर लाजच मोठी दिसते, हे त्यांना त्या कुशीवर स्पष्ट दिसलं आणि स्वतःची कीव आली.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "म्या सकाळी येळवणी पिलो."

पाय हवेतच राहिला. "हरभऱ्याच्या डाळीची?"

"व्हय. गाळून."

"किती?"

"गिलासभर." मग थोड्या वेळानं, "मोठा."

मास्कमागं नर्सचे खांदे हलत होते. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. फास सैल केला, नळी बाहेर काढली आणि शांतपणे सांगितलं की आज तारेला वीज द्यायची नाही. पुन्हा खारट पाणी, पुन्हा उद्या. आणि घरातली भांडी रिकामी करून कुलपात.

बाहेर बाकावर द्वारकाबाईंना सगळं कळलं. त्या उठून चालू लागल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "जल्मभर लोकांचे खड्डे भरले. आज सोताचा भरला."

काकासाहेब बाहेर बघू लागले. रिक्षावाल्यालाही ते ऐकू गेलं असावं, कारण तो आरशातून बघत होता.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच कुशीवर होते. या वेळी त्यांच्यात पाणी सोडून खरोखर काही नव्हतं. फास बसला. पाय पायडलवर गेला. काकासाहेबांनी डोळे मिटले आणि कान आत लावले. मशीननं एक बारीक सूर काढला. केस जळल्यासारखा किंचित वास आला. बस.

"झालं, काका."

"आवाज नाय आला?"

"कशाचा येणार? आत काही राहिलंच नव्हतं."

एरवी हे वाक्य त्यांनी मनाला लावून घेतलं असतं. त्या दिवशी त्यांना फक्त हलकं वाटलं, आणि एवढ्या धास्तीनंतर साधा फटाकाही वाजला नाही म्हणून, सांगू नये इतकं थोडं, वाईटही वाटलं.

गाठ साधी निघाली हे पुढच्या आठवड्यात कळलं. द्वारकाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि वाटी त्यांच्यापुढं धरली. काकासाहेबांनी चिमूटभर तोंडात टाकली, आणि आता हिचं आत काय होणार, याचा विचार करत ते बराच वेळ तिथंच बसून राहिले.