आडवा न आलेला कुत्रा

रस्त्यावर मागचा माणूस चुकलेला असतो आणि पुढचा बरोबर असतो, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. ज्यांना सिग्नलचे तीन रंग पाळता येत नाहीत त्यांनाही पाठ आहे. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात उमरेड रोडवर एका मालवाहू टेम्पोनं माझ्या कारला मागून धडक दिली, तेव्हा दार उघडून खाली उतरेपर्यंतच मी बरोबर ठरलो होतो. मला काही करावं लागलं नाही. तशी बरोबर ठरायची मला सवय आहे. मी शाळेत मास्तर आहे.

खरं काय झालं ते आधीच लिहून टाकतो, कारण त्या दिवशी मी ते कुणालाच सांगितलं नाही. त्या रस्त्याच्या कडेला मारुतीचं एक लहानसं देऊळ आहे. तिथून जाताना मी नमस्कार करतो. स्कूटर होती तेव्हा स्कूटरवरून करायचो, आता कारमधून करतो. एरवी डावा हात स्टिअरिंगवर ठेवून उजवा कपाळाला आणि छातीला लावतो. पण त्या दिवशी शनिवार होता. शनिवारी मी दोन्ही हात जोडतो आणि डोळे मिटतो. हात सुटले की पाय आपोआप ब्रेकवर जातो, आणि हा माझ्या सुरक्षित वाहन चालवण्याचाच भाग आहे, असा माझा समज होता. समोरचा रस्ता मोकळा होता. मी हात जोडले, डोळे मिटले, ब्रेक दाबला, आणि मारुतीरायानं मागच्या मागे उत्तर दिलं.

शेजारी बायको बसली होती. आम्ही तिच्या मावशीकडे जेवायला निघालो होतो. दोघांनाही लागलं नव्हतं. डिकीचं झाकण आत गेलं होतं, बंपर एका बाजूनं लोंबत होता आणि मागच्या दिव्याची काच रस्त्यावर पसरली होती.

टेम्पोवाला माझ्याआधीच उतरून आला होता. चाळिशीचा, बारीक, कानाला मफलर. मागे इतवारी बाजारातल्या एका कापड दुकानाचे गठ्ठे होते, ते तो उमरेडला नेत होता. आधी तो बायकोच्या खिडकीशी वाकला, "लागलं त नाही ना ताई तुमाले?" म्हणून विचारलं, आणि मग माझ्याकडे वळला. तोवर पानठेल्यावरची, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायला थांबलेली चार-सहा माणसं गोळा झाली होती. त्यांनी निकाल देऊन टाकला होता. त्याला कुणी आंधळा म्हणालं, कुणी अंतर ठेवून चालवायला सांगितलं. मीही वेगळं काही म्हणालो नाही. फक्त शुद्ध मराठीत म्हणालो. मी शिक्षक आहे, हेही सांगितलं, जणू त्यामुळे डिकी जास्त चेपली होती.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली.

"बरोबर आहे सर, चूक माझीच. पण तुम्ही एकदम ब्रेक काहून मारला? पुढं त काहीच नव्हतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. देवाला नमस्कार करत होतो, एवढंच म्हणायचं होतं. चार माणसांनी मान डोलावली असती, दोघं हसले असते. पण जो बरोबर ठरलेला असतो त्याला हसं करून घेणं परवडत नाही.

"कुत्रा आला आडवा," मी म्हणालो.

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. पानठेल्यावरच्या एकानं तो कुत्रा पाहिला होता. काळा होता. दुसऱ्यानं त्याला दुरुस्त केलं. काळा नाही, भुरा, आणि एका कानाला जखम होती. तो रोज इथंच बसतो, गेल्या महिन्यात यानंच एका बाईची गाडी पाडली, महापालिकेनं काहीतरी करायला पाहिजे. दोन मिनिटांत माझ्या कुत्र्याला रंग, जखम, पत्ता आणि पूर्वेतिहास मिळाला. मी मान डोलावत होतो. खोटं बोलायला एवढी मदत मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

टेम्पोवाला मात्र रस्त्यावर गुडघे टेकून माझ्या कारखाली पाहत होता. उठला तो हात झटकत. कुत्र्याला लागलं तर नाही ना, एवढं त्याला बघायचं होतं.

त्या वेळी मी खरं बोललो असतो, असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं. प्रत्यक्षात मी त्याला विचारलं, "इन्शुरन्स आहे ना गाडीचा?"

"नाही सर. दिवाळीच्या आधीच संपला. भरतो भरतो म्हणता राहून गेला."

एवढं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. कागद घरी आहेत, मोबाइलमध्ये आहेत, भावाकडे आहेत, असं काहीतरी तो म्हणेल आणि मी त्याला पकडीन, या तयारीत मी होतो. त्यानं पकडायला काही ठेवलंच नाही. मग मी भाषण दिलं. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे, उद्या एखादा माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं, वगैरे. त्यातलं एक वाक्यही चुकीचं नव्हतं. भाषण मी देत होतो, हे सोडलं तर.

वाहतूक पोलीस आला आणि आम्हा दोघांना ठाण्यात घेऊन गेला. माझा विमा होता. सगळं नुकसान भरून देणाऱ्या अशा विम्याला बंपर-टू-बंपर म्हणतात; दोन बंपरांच्या मधे बसलेला माणूस कसा आहे, याची पॉलिसीत चौकशी नसते. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, पोलिसात लेखी द्या, टेम्पोचा नंबर टाका, क्लेम अडणार नाही. ठाण्यातल्या साहेबांनी मला दोनदा विचारलं, लेखी द्यायचंच आहे का? दिलं की टेम्पो इथं उभा राहील. टेम्पोवाला बाजूच्या बाकावर बसला होता. त्यानं हातापाया पडणं वगैरे काही केलं नाही. गठ्ठे आज उमरेडला पोचले पाहिजेत, ते दुसऱ्या गाडीत घालू द्या, एवढंच तो म्हणाला. बोलण्यातून कळलं की उमरेडला घरी बापाचा हातमाग होता, तो मोडून यानं हा जुना टेम्पो घेतला, आणि इतवारीच्या त्या एकाच शेठच्या मालावर घर चालतं.

हे ऐकल्यावर मी लेखी दिलं. नागरिकाचं कर्तव्य म्हणून दिलं, असं तेव्हा मला वाटत होतं. अक्षर माझं चांगलं आहे.

बाहेर बायको कारमध्ये बसून होती. मावशीचे तीन फोन येऊन गेले होते. मी बसलो, तेव्हा तिनं विचारलं, "कुत्रा कोणत्या रंगाचा लिहिला?"

"रंग विचारत नाहीत," मी म्हणालो.

"मग बरं आहे," ती म्हणाली. जेवताना मावशीला तिनं अपघाताचं सांगितलं, पण त्यात कुत्रा नव्हता आणि मीही फारसा नव्हतो.

त्याच आठवड्यात शाळेत रस्ता सुरक्षेची शपथ होती. ती दरवर्षी मीच देतो. चारशे मुलं उजवा हात पुढे करून माझ्यामागे म्हणतात की मी वाहतुकीचे नियम पाळीन. मी वाक्य म्हणायचो आणि ते माझ्याकडे चारशे पटींनी परत यायचं. मी रोज ठरवायचो की आज ठाण्यात जाऊ. रोज काहीतरी निघायचं. पेपर तपासायचे, गॅस सिलिंडर, एकदा तर मी डोक्याला तेल लावून घेतलं आणि तेल लावून पोलिसात कसं जायचं म्हणून थांबलो. शेवटी एका सकाळी बायकोनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि विचारलं, तो टेम्पो अजून तिथंच आहे का? मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, तेवढं तरी माहीत करून घ्या.

नवव्या दिवशी गेलो. कार गॅरेजमध्ये होती म्हणून ऑटोनं गेलो. टेम्पो ठाण्याच्या भिंतीशी उभा होता, वर निंबाचा पाला पडलेला. साहेब तेच होते. मी सुरुवात केली, "साहेब, त्या दिवशीच्या त्या कुत्र्याबद्दल..."

"कुत्र्याचं काय? त्याच्या मालकानं तक्रार केली का?"

"नाही."

"मंग राहू द्या ना सर."

आणि मी राहू दिलं. तक्रार चालवायची नाही, एवढंच सांगितलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. कारण म्हणून 'आपसात समझोता' लिहायला सांगितलं. मी लिहिलं. ज्याच्याशी समझोता झाला होता त्याला त्याची खबरही नव्हती. विमा नसल्याचा दंड त्याला कोर्टात भरावा लागणारच होता, तो त्यानं आदल्याच दिवशी भरला होता, आणि गाडी घेऊन जायला तो त्याच सकाळी येणार होता. मी निघून जाऊ शकलो असतो. ऑटो बाहेर उभाच होता.

तो आला. मी तक्रार मागे घेतली हे साहेबांनी त्याला सांगितलं. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चालते सर.

शिव्या दिल्या असत्या तर मी घरी गेलो असतो. हे सहन झालं नाही. तिथंच, निंबाच्या पाल्यात उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. शनिवार, मारुती, दोन्ही हात. सांगताना माझा आवाज मला शपथ देतानासारखा लागत होता, याचीही लाज वाटली.

त्यानं माझे हात सोडले.

"विमा नाही हे मी तुमाले विचारताबरोबर सांगतलं होतं ना सर?"

"हो."

"मंग तुमाले काय झालं होतं सांगाले?"

मी चपलेनं पाला बाजूला सारू लागलो. तो म्हणाला, शेठनं दुसरा टेम्पो लावला. गाडी ठोकणाऱ्याला माल देत नाही म्हणतो. सर्वांसमोर म्हणतो.

"चला मंग," तो म्हणाला. "जे मले सांगतलं ते शेठले सांगा."

पोलिसात जे बोलता आलं नाही ते भर इतवारीत बोलायचं होतं. मला दुपारची शाळा होती. तसं मी म्हणालोही. तो टेम्पोचं दार उघडून उभा राहिला. मी बसलो.

वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा मी त्याच्या शेजारी गुडघे जवळ घेऊन बसलो होतो. एका चौकात गाडी थांबल्यावर तो आपणहून म्हणाला की कुत्रा नव्हता हे त्याला तेव्हाच समजलं होतं. मी कुत्रा म्हणताच ताईंनी मान खाली घातली, त्यावरून.

"मग गाडीखाली वाकून काय पाहिलं?" मी विचारलं.

"असू बी शकते ना सर," तो म्हणाला. "आपल्याले वाटलं नाही म्हणून काय झालं. मुकं जनावर हाय."

इतवारीत गल्लीत टेम्पो शिरेना. हातठेले आडवे होते. आम्ही उतरून चालत गेलो. शेठ गादीवर बसले होते, समोर एक आख्खं कुटुंब लग्नाच्या साड्या बघत होतं. मला वाटलं, ते जाईपर्यंत थांबू. टेम्पोवाला म्हणाला, बोला सर. मी बोललो. साडी उलगडणारा नोकर हातातली साडी तशीच धरून थांबला. नवरीची आई असावी ती बाई तोंडाला पदर लावून हसत होती. शेठ शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हणजे पूजा तुम्ही केली आणि प्रसाद याले भेटला," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं आणि त्याच्याकडे वळले. उमरेडचा माल आता दुसऱ्याला दिला आहे, शब्द दिला तो मोडता येत नाही. मौदा गावचा माल आहे, आठवड्यातून तीनदा. पाहिजे तर ने. पण आधी विम्याचा कागद दाखव, नाहीतर गल्लीतही येऊ नको. तो हो म्हणाला. आभार मानले नाहीत. मला वाटतं, त्या दिवसापुरते त्याचे आभार संपले होते.

बाहेर आल्यावर विम्याच्या ऑफिसात मीही येतो, असं मी म्हणालो. तिथं फॉर्म भरायला मदत होईल, माझं अक्षर चांगलं आहे, असंही म्हणालो.

"नको सर. तिथं मी एकटा जातो. तुम्ही आटो पाहा."

टेम्पोपाशी पोचल्यावर तो मागच्या ताडपत्रीची दोरी आवळत राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उमरेडच्या मालात दुपारचं जेवण घरी होत होतं. पोरगी शाळेतून यायच्या टाइमाले मी घरी राहत होतो. आता डबा न्या लागन."

डब्यातलं जेवणही चांगलंच लागतं, असं काहीतरी मी म्हणालो. तो टेम्पोत बसला, आरशात बघून गाडी मागे घेतली, आणि मी ऑटो शोधायला निघालो.