बाबांची गाडी, आईची बडबड

उन्हाळा लागला की अकोल्याहून सकाळी बाबांचा फोन येतो. मी अमरावतीला राजापेठेत राहते, ट्यूशन क्लासमध्ये गणित शिकवते, चाळिशी ओलांडलेली बाई आहे. यातलं काहीही त्यांच्या लेखी जमेस धरलेलं नसतं. कूलरमध्ये पाणी टाकताना बटन बंद कर. नुसतं बटन नाही, प्लग काढ. पायात चप्पल घाल. आमच्या भागात दर उन्हाळ्यात कुणीतरी चालू कूलरला ओल्या हातानं शिवतं, कारण पाणी भरेपर्यंतसुद्धा गरम हवा सोसवत नाही. त्यामुळे हा सल्ला मी निमूट ऐकते.

बाबा निवृत्त वकील. सल्लाही उलटतपासणी घेत देतात.

"दुपट्टा बांधला?"

"बांधला."

"टोक लोंबते काय? चाकात जाते."

"नाही."

"हेल्मेट हाय?"

"आहे."

"डोक्यावर हाय, का हँडलले?"

इथे साक्षीदार नेहमी अडखळतो.

उन्हातून आल्यावर आधी बसायचं, मग माठाचं पाणी. टायरमध्ये हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. आणि सगळ्यांत वरचा नियम म्हणजे रोडगे खाऊन स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी, एवढं पोटात गेल्यावर माणूस जागा राहील यावर त्यांचा विश्वास नाही. माझाही नाही. कुणाच्या शेतात रोडग्यांची पंगत असली की बाबा जेवणानंतर बाजेवर आडवे होत आणि बाकीच्या गाडीवाल्यांनाही आडवं करत.

आई पातूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. एरवी मोजकं बोलणारी. पण गेल्या काही वर्षांत गाडीत बसली की तिचं तोंड सुरू. "बकऱ्या आल्या पाहा. ब्रेकर हाय वाटते. हा ट्रकवाला पाहा, कसा अंगावर येऊन राहिला." वय झालं की माणसाला बडबड लागते, असं मी धरून चालले होते. मागच्या सीटवर मी कानात इअरफोन घालून बसत असे.

यंदा सुट्टीत मी अकोल्याला गेले, तेव्हा अंजनगाव सुर्जीजवळ मावसभावाच्या शेतात रोडगे होते. निघताना बाबा स्टिअरिंगला बसले, तेव्हा मी आईला म्हटलं, तू मागं आरामात बस, मी पुढं बसते. ती पुढचं दार उघडून बसली. दर्यापूर गेलं. तिची बडबड चालू होती. मग तिच्या बहिणीचा फोन आला आणि ती फोनवर बोलू लागली.

उजवीकडून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होती. मागच्या सीटवरून मला ती स्वच्छ दिसत होती, त्यामुळे बाबांनाही दिसतच असणार असं मी गृहीत धरलं. गाडीचा वेग कमी झाला नाही. आईनं मांडीवर फोन टाकला आणि ओरडली, "बाई! बाई हाय, थांबवा!" ब्रेक लागले. ती बाई बोनेटपासून हातभर अंतरावर होती. तिनं भारा सावरला, आमच्याकडे पाहिलं आणि निघून गेली. बाबा म्हणाले, "लोक पाह्यत नाई रस्त्यानं." आईनं फोन उचलून बंद केला.

त्यानंतर मी इअरफोन काढून ऐकलं. आईची सगळी बडबड उजव्या बाजूची होती. डावीकडे विहिरी होत्या, संत्र्याचे बगीचे होते, एक मोर होता. त्यांच्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

पंगत उठल्यावर हौदाजवळ ती हात धूत होती. मी सरळ विचारलं, बाबांना उजवीकडचं दिसत नाही का.

"उजव्या डोयाची बाजूची नजर गेली," ती म्हणाली. "परत येत नाई. डाक्टरनं गाडी नका चालवू म्हनलं."

"आणि तू चालवू देतेस?"

"साऱ्या दुनियेले सल्ले देल्ले यायनं. यायले कोन देईन?"

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. बाबांचा आला, आईचा तर जास्तच. मी म्हटलं, "आज ती बाई वाचली. उद्या तू शिंकलीस तर?" ती परत हात धुऊ लागली. मी म्हटलं, आत्ता जाऊन चाबी मागते.

"चारचौघांत चाबी मांगशीन त लाजेनं मरून जातीन ते," ती पदराला हात पुसत म्हणाली. "शेताच्या बाहीर निघू दे. डांबरी रोड यायच्या आंधी मी पाह्यतो."

बाबा बाजेवर झोपून उठले. साखरेच्या आजारामुळे त्यांनी अर्धाच रोडगा खाल्ला होता. गाडीत बसल्यावर सीटबेल्टची चौकशी झाली, आरसे झाले, आणि आम्ही शेतातल्या कच्च्या रस्त्याला लागलो. तिथे चिटपाखरू नव्हतं, तरी मी पुढच्या सीटची पाठ धरून बसले होते. आई गप्प होती. बाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, थोड्या वेळानं परत पाहिलं.

डांबरी रस्ता आला. तिथून उजवीकडे वळायचं होतं. बाबांनी गाडी थांबवून इंडिकेटर दिला आणि ते वाट पाहू लागले. एरवी अशा ठिकाणी रस्ता मोकळा दिसला की आई म्हणायची, "चला, खाली हाय रस्ता." आता ती समोर पाहत होती. इंडिकेटर टिकटिकत राहिला.

"काहून वो, चूप काहून?" बाबा म्हणाले.

"मी थकली," आई म्हणाली. "आता तुमचं तुमी पाहा."

तेवढ्यात उजवीकडून एक मोटरसायकल हॉर्न देत समोरून गेली. बाबा दचकले. ती समोर येईपर्यंत त्यांना दिसलीच नव्हती, आणि हे आम्हा दोघींनाही कळलं आहे, हे त्यांनाही कळलं. मघाचा माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांची पाठ पाहून मला रडू आलं. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"आज रोडगे जरा जास्तच झाले," ते म्हणाले. "तू घे बाई गाडी."

मी उतरले. बाबा बोनेटवर हात ठेवत पुढून फिरून आले, आई उतरून मागं गेली. मी सीट पुढे घेतली. बाबांनी शेजारी बसून बेल्ट लावला आणि माझा लागला का ते हात लावून पाहिलं.

दर्यापूरच्या अलीकडे मी आरशात पाहिलं, तर आईची मान एका बाजूला कलली होती. तोंड किंचित उघडं. गाडीत झोपलेली आई मला आठवत नव्हती. बाबांनी मान पूर्ण वळवून तिच्याकडे पाहिलं, मग समोर पाहत आवाज खाली आणून म्हणाले, "हळू घे. लय दिवसाची जागी हाय तुई माय."