बैलबंडीच्या मागं राजा

मंडळी, आज वडशाच्या नाटकात मी राजा होतो. पोचायले उशीर नको, म्हणून घरूनच मुकुट-मिशा लावून जीपमध्ये बसलो.

जंगलात पुढं एक बैलबंडी. मीच ड्रायव्हरच्या पुढून हात घालून भोंगा दाबत राह्यलो. बैल बिचकले, बंडी आडवी झाली अन् आमचा चालू असलेला एकुलता दिवा तिच्या चाकावर आदळला.

अंधार पडत होता. ड्रायव्हरनं बल्ब बदलला. दिवा लागला अन् पहिल्याच खड्ड्यात विझला. तार पिळली, पुन्हा लागला, पुढच्या खड्ड्यात पुन्हा विझला. दोन्हीकडं झाडी, गाडी फिरवायले जागा नाई, अन् तिकडं लोक चटया टाकून बसलेले!

बंडीवाला बैल सावरून आला. त्यानं बंडीच्या मागं कंदील टांगला. म्हणाला, "याच्या मागं मागं या, राजेसाहेब. मीबी नाटकालेच चाललो. पण भोंगा नका वाजवू."

सारी वाट बैलांच्या चालीनं आलो.

मंडपात माह्यं पहिलंच वाक्य होतं, "आमच्या वाटेतून दूर व्हा!" अन् समोर पहिल्या रांगेत तो बंडीवाला कंदील घेऊन बसलेला.

कोणत्या तोंडानं म्हणायचं होतं, सांगा?