साडूने लांब केलेली मोटार

होडीच्या मागे लावायच्या आखूड दांड्याच्या मोटारी लांब दांड्याच्या करून देण्यात मिस्त्रींचा हात धरणारं धक्क्यावर कुणी नव्हतं. मग समोरच त्यांच्या साडूने दुकान थाटलं आणि मिस्त्रींच्या पोटात दुखायला लागलं. दांडा लांबवला की इंजिनाला गार पाणी पोचवणारी आतली नळीही लांबवावी लागते, आणि नवखे नेमकी तीच विसरतात. साडूही विसरलाच असणार, या आशेवर त्यांनी त्याच्या एका गिऱ्हाइकाला गाठलं.

"आण रे, फुकट तपासून देतो!"

मोटार उघडली. दांडा चोख, गिअरची सळई चोख आणि मेली नळीसुद्धा अगदी मापात! मिस्त्रींनी दातओठ खात सगळं पुन्हा जोडलं आणि पाण्याच्या पिंपात मोटार सुरू केली. इंजिन गार ठेवून मागून पडणारी पाण्याची धार काही येईना.

"सकाळी तर येत होती," गिऱ्हाईक म्हणालं.

जळफळाटात नळी जागेवर बसवायची मिस्त्रींकडूनच राहिली होती.

दारातून बायकोने गोड आवाजात विचारलं, "अहो, दाजींना हाक मारू का?"

"हाक नको मारूस," मिस्त्री पाना उचलत म्हणाले, "आधी ते दार लोटून घे."