चव न घेणारा आचारी

जयतीर्थ आचाऱ्यांनी चामराजपेटच्या मठात आयुष्यभर पंगतींचा स्वयंपाक केला, पण नैवेद्याआधी पदार्थ कधी जिभेला लावला नाही. देवाच्या आधी चाखलं की ते उष्टं झालं. मिठाचे खडे चिमटीत चुरडायचे, बोटांना पटलं की सोडायचे. ह्यांच्या बोटांनाच जीभ आहे, असं लोक म्हणत. त्याचा जयतीर्थांना गर्व होता, आणि चांगला घसघशीत होता.

साठ सालच्या सुमारास त्यांची लेक नीरजा प्राणिशास्त्र शिकायला लागली. ब्राह्मणाच्या पोरीनं झुरळं चिरायची म्हणून आईनं, गोदूबाईंनी, घर डोक्यावर घेतलं. जयतीर्थ मात्र कौतुकानं विचारत, आज काय चिरलंस?

"अण्णा, झुरळाच्या तोंडाशी दोन्हीकडे बारीक बोटांसारखे अवयव असतात. त्यांना पाल्प म्हणतात. खायच्या आधी झुरळ त्यांनी अन्न चाचपून बघतं. चव तिथंच कळते, मग जबडे हलतात."

"म्हणजे माझ्यासारखंच की गं!"

"सरी, अगदी बरोबर! तुमची बोटं म्हणजे पाल्पच."

शब्द घरात रुळला. अण्णा बाजाराला निघाले की नीरजा म्हणे, "वांगी स्वल्प पाल्पनं दाबून बघा." गोदूबाईसुद्धा हसायच्या.

पुढे मधुमेहानं बोटं बधिर झाली. एकदा तापलेली कढई जयतीर्थांनी नुसत्या हातानं धरली आणि हात भाजतोय हे त्यांना गोदूबाईंच्या किंकाळीवरून कळलं. त्या दिवसापासून पाल्पची थट्टा बंद झाली. मग मठात सार खारट झालं. पंगतीनं द्रोण तसेच टाकले. व्यवस्थापक भीमाचार्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "जयतीर्था, आराधनेला पुन्हा असं झालं तर चुलीपाशी दुसरा माणूस. तू पत्रावळी मांड." भर माणसांत जयतीर्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. चूल सुटली तर त्यांच्याजवळ उरणार होतं काय?

आराधनेच्या, म्हणजे स्वामींच्या पुण्यतिथीच्या दिवशी साराचं तपेलं रटरटत होतं आणि मीठ घातलं की नाही हेच त्यांना आठवेना. चिमटीत खडे धरले, बोटं काही बोलेनात. गाभाऱ्यातून नैवेद्याची हाक आली. जयतीर्थांनी दाराकडे पाहिलं, सार तळहातावर घेतलं आणि ओठांना लावलं. अळणी होतं. त्यांनी घाईघाईनं मीठ टाकलं.

पंगतीनं सार मागून मागून घेतलं. भीमाचार्यांनी पाठ थोपटली, "हात परत आला रे तुझा! पुढच्या आराधनेलाही तूच." जयतीर्थ कसेबसे हसले. पोट बिघडलंय असं सांगून जेवले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच थांबले.

"नीरजे, आजपासून घरचा नैवेद्य तू कर."

"का अण्णा? बोटं दुखतात?"

"दुखती तर बरं होतं. पाल्प मेले, पोरी. म्हणून काल देवाच्या आधी तोंड पुढे गेलं."

नीरजाच्या हातातली पळी तशीच राहिली. काल पंगतीत तिनंही दोनदा सार मागून घेतलं होतं.